चिखलात सावधान

"आमच्या खाडीत निवटी मासळीसुद्धा परवानगी घेऊन उडी मारते," असं लम्दुआनबाईंनी प्रांताच्या कचेरीला पाठवलेल्या पत्रात खरोखर लिहिलं होतं. पत्र तीन पानी, समास आखलेलं, खाली दोन रेघा मारून सही केलेलं.

हे वाक्य जरा जास्तच झालं, असं बांग यांग गावात कुणी म्हटलं नाही. म्हणणार कोण? बाई छत्तीस वर्षं आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. गावातल्या प्रत्येक कानाला त्यांच्या दोन बोटांची ओळख होती. निवृत्त झाल्यावर शिस्त लावायला पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी समुद्राला शिस्त लावायला घेतली. गावापुढचा गाळाचा पट्टा, त्यामागचं कांदळवन आणि टाकून दिलेली मिठागरं, हे सगळं त्यांनी सहा वर्षं घरोघर फिरून राखीव करून घेतलं. तिथे जाळं टाकायचं नाही, इंजिनाची होडी न्यायची नाही, आणि मोठ्यानं बोलायचं नाही.

आणि फळ डोळ्यांना दिसत होतं. थंडी सुरू झाली की उत्तरेकडून पाखरांचे थवेच्या थवे यायचे. चिखल्या, तुतवार, शेकाट्या. ओहोटीच्या वेळी तो गाळ चांदीच्या ताटासारखा चकाकायचा आणि त्यावर ही सगळी मंडळी न भांडता पंगतीला बसल्यासारखी टिपत राहायची. तांबड्या चिंबोऱ्या एक मोठी नांगी वर करून त्यांना वाढप करताहेत असं वाटायचं. आमच्यासारखी जन्मभर तिथे राहिलेली माणसंसुद्धा जाता जाता थांबायची. काही बोलायची नाहीत. बाई जवळपास असतील म्हणून नव्हे, खरंच बोलावंसं वाटायचं नाही म्हणून.

आता फक्त प्रांताचा शिक्का हवा होता. तो मिळाला तर हा पट्टा कायमचा शांत. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी मधोमध वेगाच्या होड्यांचा धक्का उभा राहणार होता. त्याचा नकाशाही तयार होता. शिक्का द्यायचा की नाही हे ठरवायला येणार होत्या पक्ष्यांच्या जाणकार डॉक्टर ओराथाई, आणि त्यांच्यासोबत कचेरीतले थावोर्नसाहेब. त्यांच्या तपासणीच्या कागदावर एक रकाना होता: परिसरातील आवाज.

त्या रकान्यानं बाईंची झोप उडवली होती. कारण परिसरातला सगळ्यात मोठा आवाज त्यांच्याच घरात राहत होता.

बाईंचे यजमान प्रयोंग हे गावचे मुखिया. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. घरातसुद्धा ते त्यांना बाई म्हणत, आणि बाई त्यांना मुखिया म्हणत. माणूस लोण्यासारखा मऊ, पण देवळाशेजारच्या खांबावर चार दिशांना चार कर्णे लावलेले होते आणि त्या कर्ण्यांखालच्या खोलीत एक माईक होता. रोज सकाळी आठला राष्ट्रगीत वाजे. सगळं गाव जागच्या जागी ताठ उभं राही. ते संपलं की मुखियांचा आवाज सुरू होई. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बदक हरवलं, डासांची फवारणी कुठल्या गल्लीत, काल बदक हरवलेल्याचं बदक सापडलं, मग त्या आनंदात एक गाणं. पाऊण तास कुठे गेला कळत नसे. म्हणजे त्यांना कळत नसे.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सहाला बाईंनी हात पुढे केला.

"चावी."

"कसली?" मुखियांनी भाताच्या वाटीतून डोकं वर काढलं.

"कर्ण्याच्या खोलीची. आज राष्ट्रगीत वाजेल, तेवढंच. त्यानंतर तुमचा एक शब्द ऐकू येता कामा नये. खोलीला मी कुलूप लावणार आहे."

"लावा की. पण बाई, ते नवं यंत्र आहे ना, ते आपलं आपण—"

"आपलं आपण सुरू होतं, माहीत आहे मला. म्हणजे तुमची गरजच नाही."

"सुरू होतं, पण नंतर—"

"मुखिया, मी काय म्हटलं? एक शब्दही नको."

मुखियांनी चावी दिली, तोंड मिटलं आणि ते सुक्या मासळीचा तुकडा चघळत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत ओठांवर बोट ठेवून बसवलेल्या मुलाचा भाव होता. बाईंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी विजारीच्या मांडीवरच्या खिशात टाकून वर बटण लावलं.

योजना अशी होती. सातला पाहुणे येणार. पाच मिनिटं माहिती. मग तिघांनी चिखलफळ्यांवरून गाळ ओलांडून पलीकडच्या लाकडी माचावर जायचं. आठला दहा कमी असताना माचावर. तिथे उभं राहून राष्ट्रगीत, मग पक्षी. या फळीवर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायानं गाळ मागे ढकलत सरकायचं. सरकत राहिलात तर गाळ तुम्हाला लोण्यावरून नेतो. थांबून पाय खाली टाकलात की तुम्हाला ठेवून घेतो. म्हणून आमच्याकडे शिंपल्या वेचणारा माणूस आठच्या आत गाळाबाहेर येतो, नाहीतर आठनंतर उतरतो. कुणी कुणाला शिकवत नाही हे. आठ वाजता गाळात असायचं नाही, बस.

पाहुणे सातला आले. डॉक्टर ओराथाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात दुर्बीण. थावोर्नसाहेब गोल, हसतमुख आणि पायात कोरे करकरीत रबरी बूट.

"हे आमचे पाच तक्ते," बाई म्हणाल्या.

पहिला तक्ता भरती-ओहोटीचा होता, दुसरा कांदळाच्या मुळांचा, तिसरा चिंबोऱ्यांचा. चौथ्या तक्त्यावर थावोर्नसाहेबांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून घड्याळ पाहिलं. बाईंनी ते टिपलं आणि त्यांना प्रश्न विचारला. साहेबांना उत्तर आलं नाही. म्हणून तिसरा तक्ता पुन्हा झाला.

गाळात फळ्या उतरल्या तेव्हा आठला बारा मिनिटं कमी होती.

बाई पुढे, मागे डॉक्टर, सगळ्यात मागे साहेब. डाव्या हाताला तुतवारांचा मोठा थवा टिपत होता. बाईंनी मागे वळून चारशे मुलांच्या पटांगणासाठी घडवलेल्या आवाजात सांगितलं, "कृपया शांतता राखावी."

थवा उडाला.

"ससाणा आला असेल," बाई म्हणाल्या. तेवढ्यानं शेकाट्याही उडाल्या.

डॉक्टरांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपून घेतलं. थोडं पुढे गेल्यावर साहेबांची फळी तिरकी झाली, तेव्हा "गुडघा मध्ये, साहेब, मध्ये!" अशी सूचना गेली, आणि गाळाच्या पार टोकाला बसलेल्या चिखल्यांनीही जागा सोडली. डॉक्टरांनी पुन्हा वही काढली.

"आमच्याकडे तो चमच्याच्या चोचीचा पक्षीही येतो," बाई अभिमानानं म्हणाल्या. आता आसपास उडायला कुणी उरलं नव्हतं. "आम्ही त्याला नुसतं चमच्या म्हणतो."

"अकरा वर्षं शोधतेय मी त्याला," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "सगळ्यात जवळून पाहिला तोही दोनशे मीटरवरून. ऊन आणि वाफेत एक ठिपका. आता जगात फार थोडे उरलेत."

माच शंभर पावलांवर राहिला असताना चारही कर्ण्यांतून राष्ट्रगीत सुरू झालं.

गुडघा टेकलेल्या अवस्थेत राष्ट्रगीत? थावोर्नसाहेबांची सरकारी नोकरी एकतीस वर्षांची. ते विचार न करता फळीवरून उतरले आणि सावधान उभे राहिले. ते उतरले म्हणून डॉक्टर उतरल्या. आणि राष्ट्रगीतात नाक खाजवलं म्हणून बाईंनी तर एका मुलाला आख्खा आठवडा पटांगण झाडायला लावलं होतं. बाई त्या दोघांच्या आधीच उतरल्या होत्या. गाळ घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत. काही हरकत नाही, बाईंनी मनाशी म्हटलं. सव्वा मिनिटाचा प्रश्न आहे.

सव्वा मिनिट झालं. राष्ट्रगीत संपलं.

"चला," बाई म्हणाल्या, आणि चौथ्या सेकंदाला राष्ट्रगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तिघं पुन्हा ताठ. साहेबांची नजर नाकासमोर होती, पण भुवया बाईंकडे वळल्या होत्या. ते संपलं तेव्हा त्यांनी घाईघाईनं विचारलं, "बाई, तुमच्याकडे दोनदा वाजवतात?"

"नाही हो, हे काहीतरी—"

तिसऱ्यांदा सुरू झालं.

आता बाईंना आठवलं. सुरू होतं, पण नंतर. नंतर ते थांबवावं लागत असणार. रोज राष्ट्रगीत संपताच मुखिया बटण दाबून माईक ओढून घेत असणार. बटण कुलपाआड होतं. कुलपाची चावी मांडीवरच्या खिशात होती. मांडी अजून गाळाच्या वर होती, पण गुडघा नव्हता.

पुढच्या फटीत डॉक्टर म्हणाल्या, "मी आता गुडघ्याच्या वर गेलेय." अगदी हवामान सांगावं तसं. त्यापुढच्या फटीत साहेबांनी जोर करून उजवा पाय उपसला. पाय आला. बूट आला नाही. एवढ्यात पुन्हा सुरू झालं, आणि साहेबांनी तो मोज्यातला पाय बुटाच्या शेजारी हळूच गाळात ठेवून दिला.

गावाकडे पाहावं तर सगळं गाव गोठलेलं. शेवयांच्या गाडीवाला पळी हवेत धरून उभा, सायकलवाले सायकली धरून उभे, देवळाची कुत्री तेवढी फिरत होती. कुणाला कळत नव्हतं काय करावं. कुणी पुढाकार घेऊन हलायचं? आणि गाळात तर बाई स्वतः उभ्या.

पाचव्या वेळेला जवळच्या बांधावर एक आकृती दिसली. मुखिया होते. त्यांनी चार सेकंदांत फळी गाळावर टाकली आणि ते ताठ उभे राहिले. पुढच्या चार सेकंदांत दोन लाथा मारून दहा हात सरकले, आणि राष्ट्रगीत सुरू होताच फळीवरच उठून सावधान झाले.

हे वाचायला सोपं आहे. ती फळी वीतभर रुंद असते, ओल्या साबणाइतकी निसरडी. तिच्यावर गुडघा टेकून सरकणारे आमच्याकडे दारोदारी मिळतील. तिच्यावर उभं राहणारा माणूस आम्ही तोवर पाहिला नव्हता. साठी उलटलेले मुखिया हात मांड्यांशी चिकटवून, हनुवटी वर करून त्या हलत्या फळीवर असे उभे होते जणू फळी खाली नाहीच. बाई नाकासमोर पाहत होत्या, तरी त्यांना ते दिसलं. बाईंना वाटलं, या माणसाला आपण इतकी वर्षं फक्त ऐकलं.

चार सेकंद सरकायचं, सव्वा मिनिट थांबायचं, असं करत ते जवळ आले.

"चावी?" पहिल्या फटीत त्यांनी विचारलं.

"खिशात."

राष्ट्रगीत.

"कुठल्या?"

"मांडीवरच्या. उजव्या. मुखिया, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

मुखियांना उत्तर द्यायला सव्वा मिनिट लागलं. तेवढा वेळ ते समोर बघत राहिले.

"तुम्ही बोलू नका म्हणालात."

त्यावर बाईंना विचार करायला सव्वा मिनिट मिळालं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं इतकं नीट भांडण कधी झालं नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर दोघांना पुरेसा वेळ. पुढच्या फटीत त्यांनी खिशाचं बटण उघडून चावी काढली आणि पुढे केली. मुखियांनी हात लांब केला.

आणि तसाच मागे घेतला. राष्ट्रगीत अजून सुरू झालं नव्हतं, तरी ते फळीवर निश्चल झाले. फक्त डोळ्यांनी त्यांनी बाईंना खाली दाखवलं.

भरती चढू लागली होती. काचेसारखं पातळ पाणी गाळावरून पुढे सरकत होतं, आणि पाण्याच्या कडेकडेनं पाखरं मागे मागे येत होती. सोळा-सतरा मिनिटं न हललेली तीन माणसं त्यांच्या लेखी माणसं राहिली नव्हती. जेट्टीचे जुने खांब झाली होती. चिखल्या साहेबांच्या बुटाच्या उघड्या तोंडाभोवती फिरून गेल्या. एक तुतवार बाईंच्या सावलीत टिपू लागला. वरून चार कर्णे कोकलत होते आणि खाली त्या इवल्या पायांची कुणाला फिकीर नव्हती. रोज आठला हा आवाज होतो, हे त्यांना आपल्याइतकंच पाठ होतं.

आणि त्यांच्यातून एक आला. मुठीत मावेल एवढा, पाठ उदी, पोट पांढरं. चोचीचं टोक कुणी बोटांनी दाबून पसरट केल्यासारखं. डोकं डावी-उजवीकडे हलवत, चोचीनं पातळ चिखल चाळत, एखादी म्हातारी भाताचे खडे निवडते तशा एकाग्रतेनं तो सरळ डॉक्टरांच्या मांडीपाशी आला. मांडीपासून वीतभरावर. तिथे काहीतरी चविष्ट असावं. तो थांबला. त्याच्या काळ्या डोळ्यात आकाश दिसत होतं, आणि चोचीवर लागलेला चिखलाचा कण दिसत होता.

डॉक्टर ओराथाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. गळ्यात दुर्बीण होती, खिशात कॅमेरा होता, हात मांड्यांशी होते. राष्ट्रगीत चालू होतं. त्यांनी डोळेही पुसले नाहीत. मधली फट आली, गेली. कुणी हललं नाही. पाणी साहेबांच्या मांड्यांना लागलं. साहेबांनी श्वासही जपून घेतला. मुखिया फळीवर तसेच, हात अर्धवट पुढे, पुतळा झालेले. चार फटी अशा गेल्या. बाईंच्या घशाशी पाचवा तक्ता आला होता, चमच्याची लांबी, वजन, प्रवासाचा मार्ग. त्यांनी तो दोन वेळा गिळला.

तिकडे गावात एकच माणूस हललं. तिम मावशी ठार बहिऱ्या. लोक उभे राहिले की त्या उभ्या राहत आणि मनात ऐंशीपर्यंत मोजून खाली बसत. त्या दिवशी त्या ऐंशीला बसल्या, तरी बाकीचे उभेच. बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. गावाला वेड लागलं असेल, पण त्यांचा जवळा वाळायचा होता, आणि त्यावरच्या माश्या उडवायला पंखा लावायचा होता. देवळाच्या ओसरीवरच्या विजेच्या एकुलत्या एका प्लगमध्ये कर्ण्याची वायर खोचलेली होती. मावशींनी ती काढली आणि पंख्याची खोचली.

अठरावं राष्ट्रगीत पहिल्याच ओळीत थांबलं.

अशी शांतता आमच्या खाडीवर कधी ऐकली नव्हती. पाणी गाळात मुरतानाची बारीक चुरचुर ऐकू येत होती. चमच्या अजून तिथेच चाळत होता. कुणालाच हलायचं नव्हतं. हा क्षण कितीही लांबला असता.

लम्दुआनबाईंना राहवेना. त्यांनी आयुष्यात कधी काढला नसेल एवढा हळू आवाज काढला.

"डॉक्टर, हाच तो."

चमच्या उडाला. त्याच्याबरोबर किनाऱ्यावरचं झाडून सगळं पाखरू उडालं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. मुखियांनी एकेकाला पोटावर फळीवर आडवं करून, गाजर उपटावं तसं उपटून काढलं. साहेबांचे दोन्ही बूट गाळानं ठेवून घेतले. चहा झाला, केळीच्या पानातला चिकट भात झाला. डॉक्टर ओराथाई चिखलानं माखलेली वही मांडीवर घेऊन लिहीत राहिल्या. परिसरातील आवाज. बाईंनी लांबून रकाना ओळखला आणि भात तसाच ठेवला.

त्यानंतर तीन आठवडे बाई गावात कुणाला रागावल्या नाहीत. लोक त्यांची प्रकृती विचारू लागले. मुखियांनी खोलीला स्वतःच कुलूप लावलं आणि बदकं हरवली तरी माईकला हात लावला नाही. रात्री जेवताना फक्त म्हणायचे, "धक्का झाला तरी एका बाजूनं पक्षी येतील, बाई." बाई मान हलवायच्या. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी पाकीट आलं. बाईंनी ते दारातच फोडलं, उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं, आणि मुखियांच्या हातात दिलं. आत निळा गोल शिक्का होता. बांग यांगचा गाळ कायमचा राखीव. धक्का रद्द.

मुखियांना काय करायचं ते सांगावं लागलं नाही. पाच मिनिटांत कर्ण्यांना कंठ फुटला आणि कागद मोठ्यानं वाचला जाऊ लागला. सगळं गाव ओट्यांवर येऊन उभं राहिलं. बाई खांबाखाली उभ्या होत्या, हाताची मूठ घट्ट करून. कारण पुढे काय लिहिलंय ते त्यांना पाठ झालं होतं.

परिसरातील आवाज. ध्वनिवर्धक कर्णे अठरा वेळा वाजले. पक्ष्यांवर कोणताही परिणाम आढळला नाही. पक्षी जवळ असताना मार्गदर्शिका चार वेळा बोलल्या. चारही वेळा थवे उडाले. शिफारस: मार्गदर्शिकेने माहिती लेखी द्यावी.

"...पाण्याची प्रत उत्तम," मुखिया वाचत होते, "कांदळवनाची वाढ उत्तम. परिसरातील..." इथे कर्ण्यातून खोकला ऐकू आला. कागद फडफडला. "परिसरातील गावकऱ्यांचे सहकार्य उत्तम. मार्गदर्शिकेचे ज्ञान अतिशय उत्तम. शिक्का. सही. तारीख."

गावानं टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी दोघं जुन्या मिठागराच्या बांधावर बसली होती. ऊन उतरलं होतं, पाण्यावर तांबूस रंग आला होता.

"मुखिया, तो आवाजाचा रकाना का गाळलात?"

"कुठला?" मुखिया म्हणाले. "दिसला नसेल. चष्मा विसरलो होतो मी घरी."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे. सकाळपासून आहे. कर्ण्यापाशीही होता!"

मुखियांनी नाकाला हात लावून पाहिला. "हो की," ते म्हणाले. मग त्यांनी हनुवटीनं समोरच्या पाण्याकडे खूण केली. "जरा हळू बोला, बाई. शेकाट्या उतरल्या होत्या."